प्रतिकारशक्ती आहे, ओळख नाही

जूनचा मध्य उलटला की अंधेरीचा सबवे, कुर्ल्याचा एलबीएस रस्ता, घाटकोपर-मुलुंडच्या सखल वस्त्या यांची नावे बातम्यांत एकाच क्रियापदासोबत येऊ लागतात: पाणी तुंबले. लोकल थांबलेली असते, रिक्षा मिळत नाही आणि माणसे चपला हातात घेऊन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या पाण्यातून वाट काढतात. घरी आल्यावर पाय धुतले जातात, आल्याचा चहा होतो आणि दोन दिवसांत सगळे विसरले जाते. आठ-दहा दिवसांनी कुणाला थंडी वाजून ताप भरतो, पोटऱ्या विलक्षण दुखू लागतात, डोळे लाल होतात. कुणी डेंग्यू म्हणतो, कुणी व्हायरल. बहुतेक जण बरे होतात. थोड्यांची कावीळ वाढते, लघवी कमी होते, खोकल्यातून रक्त पडते आणि मग तपासणीत लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, निघतो. अशा घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते की, त्याची प्रतिकारशक्तीच कमी होती. हे वाक्य चुकीचे आहे आणि ते नुसते चुकीचे नाही, घातकही आहे, असे मला मांडायचे आहे. लेप्टोने गाठलेल्यांत रोज अंगमेहनत करणारे, कमावत्या वयाचे, धडधाकट लोक मोठ्या संख्येने असतात. त्यांच्या शरीरात ताकद भरपूर असते. पहिल्या काही दिवसांत कमी पडते ती ओळख. शत्रू दारात आला आहे हे पहारेकऱ्यांना कळतच नाही, आणि कळत नाही ते पहारेकरी झोपलेले असतात म्हणून नव्हे, तर येणाऱ्याने नेमक्या त्यांच्या नजरेचा अभ्यास केलेला असतो म्हणून.

आधी जागा आणि जिवाणू यांची गाठ कशी पडते ते पाहू. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला. त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोचे रुग्ण झपाट्याने वाढले आणि तोवर डॉक्टरांपुरते असलेले हे नाव मुंबईच्या घराघरांत पोचले. दहा वर्षांनी, २०१५ च्या जुलैत, दहिसर, बोरिवली, कांदिवली, मालाड या पट्ट्यात लेप्टोने पुन्हा बळी घेतले आणि पालिकेच्या पथकांना वस्त्यांत घरोघरी फिरावे लागले. उपनगरांचा भूगोलच या रोगाला सोयीचा आहे. विहार आणि पवई तलावांकडून मिठी निघते, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून दहिसर आणि पोयसर नद्या उतरतात, आरेच्या बाजूने ओशिवरा येते. डोंगर ते खाडी हे अंतर थोडे आणि त्या थोड्या अंतरात वस्त्या, बाजार, कचऱ्याचे ढीग, गोरेगाव-जोगेश्वरीकडचे तबेले आणि असंख्य बिळे. लेप्टोस्पायरा हा जिवाणू उंदराच्या मूत्रपिंडातील सूक्ष्म नळ्यांत मुक्काम करून असतो. उंदराला त्याचा त्रास होत नाही. तो आयुष्यभर लघवीवाटे जिवाणू सोडत हिंडतो. गाईगुरे आणि कुत्रीही त्याचे वाहक असतात. उबदार, ओलसर माती आणि साचलेले गोडे पाणी मिळाले तर हा जिवाणू बाहेर आठवडेच्या आठवडे तग धरतो. पुराचे पाणी बिळांतून, गोठ्यांतून, नाल्यांतून जाते तेव्हा ते हा सगळा साठा ढवळून माणसांच्या पायांपर्यंत आणते. पायाला लहानशी चीर असली, तासभर पाण्यात राहून कातडी भिजून मऊ झाली असली, किंवा तेच पाणी डोळ्यातोंडात उडाले, तर आत शिरायला तेवढे पुरते.

हा जिवाणू दिसायला फार वेगळा आहे. पिळलेल्या बारीक तारेसारखा, दोन्ही टोकांना आकडा, लांबी साधारण दहा मायक्रोमीटर आणि जाडी त्याच्या शंभराव्या भागाइतकी. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली, नेहमीच्या रंगाने तो दिसत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर तिरका प्रकाश टाकावा तेव्हा चमकत्या धाग्यासारखा वळवळताना दिसतो. त्याच्या वाकड्या टोकामुळे तो प्रश्नचिन्हासारखा भासला, म्हणून त्याच्या मुख्य रोगकारक जातीच्या नावातच ‘प्रश्न विचारणारा’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. कावीळ आणि मूत्रपिंडाच्या बिघाडासह येणाऱ्या तापाचे वर्णन अडोल्फ वाइल यांनी जर्मनीत १८८६ मध्ये केले होते, पण त्यामागचा जिवाणू जपानमध्ये इनादा आणि इदो यांच्या हाती लागायला १९१५ साल उजाडले. आज जगभरात दरवर्षी सुमारे दहा लाख लोकांना हा आजार होतो आणि जवळपास ५९ हजार त्यात दगावतात, असा अंदाज आहे. त्यात कोकणातले भातलावणी करणारे शेतकरी आहेत, अंदमानचे रहिवासी आहेत, ब्राझीलच्या झोपडवस्त्यांतील लोक आहेत. चिखलपाण्यात पाय घालून जगावे लागणे एवढाच या सगळ्यांतला समान धागा.

आता शरीराकडे वळू. आपण ज्याला ढोबळपणे प्रतिकारशक्ती म्हणतो तिचे दोन भाग आहेत. एक जन्मजात आणि एक कमावलेली. कमावलेली यंत्रणा प्रत्येक शत्रूचा स्वतंत्र अभ्यास करून त्याच्याविरुद्ध नेमकी प्रतिपिंडे बनवते, पण त्या कामाला तिला आठवडाभर तरी लागतो. तोपर्यंत किल्ला लढवते ती जन्मजात यंत्रणा. रशियन जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये समुद्रतारकेच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि त्याभोवती फिरत्या पेशी गोळा होताना पाहिल्या, तिथून या यंत्रणेच्या अभ्यासाला सुरुवात झाली. परके कण गिळणाऱ्या या भक्षक पेशी हा तिचा एक विभाग. रक्तद्रवात तरंगणारी, जिवाणूच्या अंगाला चिकटून त्याच्या आवरणाला भोके पाडणारी तीसहून अधिक प्रथिने हा दुसरा विभाग. त्यांना पूरक प्रथिने म्हणतात. आणि पेशींवर बसवलेले ग्राहक रेणू हा तिसरा विभाग. या यंत्रणेला एकेका जिवाणूचा चेहरा ठाऊक नसतो. तिच्याकडे काही ठरावीक खुणांची यादी असते: जिवाणूच्या बाह्य आवरणातला विशिष्ट स्निग्ध रेणू, त्याच्या शेपटीचे प्रथिन, त्याच्या भिंतीचे तुकडे. यातली एखादी खूण दिसली की घंटा वाजते, ताप येतो, सूज येते, पेशी धावतात. लाखो वर्षे ही यादी कामी आली आहे, कारण या खुणा जिवाणूला सहजासहजी टाकून देता येत नाहीत. पण टाकता येत नसल्या तरी त्या लपवता येतात, बदलता येतात किंवा उसन्या पांघरुणाखाली झाकता येतात. लेप्टोस्पायरा हे तिन्ही करतो.

उसने पांघरूण आधी पाहू, कारण तिथला पुरावा सर्वांत स्वच्छ आहे. पूरक प्रथिने ही दुधारी हत्यारे आहेत. ती आपल्याच पेशींवर चालून गेली तर अनर्थ होईल. म्हणून आपल्या रक्तात ‘फॅक्टर एच’ नावाचे एक प्रथिन असते. ते आपल्या पेशींवर बसून सांगते की हा घरचा आहे, इथे हल्ला नको. रोगकारक लेप्टोस्पायराच्या अंगावर अशी प्रथिने असतात, जी रक्तातला हा फॅक्टर एच पकडून स्वतःवर चिकटवून घेतात. गावातल्या माणसाची टोपी घालून चोर वेशीतून आत यावा, तसे हे आहे. एवढ्यावर न थांबता तो रक्तातले आणखी एक प्रथिन, प्लास्मिनोजेन, अंगावर ओढून घेतो. ते सक्रिय झाले की त्याच्यावर येऊन बसलेली पूरक प्रथिने कापली जातात. हा सगळा प्रयोगशाळेतला तर्क आहे असे कुणी म्हणेल, तर त्याचे उत्तर याच जिवाणूच्या भाऊबंदांकडे आहे. लेप्टोस्पायरा बायफ्लेक्सा नावाची एक निरुपद्रवी जात तळ्या-ओढ्यांत राहते. तोच पीळ, तोच आकडा, सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवले तर वेगळे ओळखता येऊ नयेत इतके साम्य. दोघांनाही मानवी रक्तद्रवात सोडले तर तळ्यातली जात थोड्याच वेळात मरते आणि रोगकारक जात पोहत राहते. रक्तद्रव तोच, त्याची ताकद तीच. फरक फक्त एवढाच की एकाला परका म्हणून ओळखले गेले आणि दुसऱ्याला नाही.

दुसरी युक्ती खूण बदलण्याची. अनेक जिवाणूंच्या बाह्य आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा मोठा रेणू असतो. आपल्या पेशींवरचा टीएलआर-४ हा ग्राहक त्याच्यासाठीच ठेवलेला आहे आणि तो इतका तिखट आहे की या रेणूचा अगदी सूक्ष्म अंशही त्याला पुरतो. या ग्राहकाचा शोध मोठा बोधक आहे. उंदरांचा एक वाण असा होता की त्याला हा रेणू टोचला तरी काहीच होत नसे. ब्रूस ब्यूटलर यांनी १९९८ मध्ये दाखवले की त्या वाणात टीएलआर-४ चे जनुक बिघडलेले आहे. या कामाबद्दल त्यांना २०११ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. लेप्टोस्पायराच्या आवरणातही लिपोपॉलिसॅकराइड आहे, पण त्याच्या मुळाशी असलेल्या स्निग्ध भागाची घडण निराळी आहे. २००१ मध्ये कॅथरीन वेर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की लेप्टोचा हा रेणू माणसाचा टीएलआर-४ ओळखतच नाही. टीएलआर-२ ही दुसरी घंटा वाजते, पण जिच्यावर आपली भिस्त असते ती मुख्य घंटा मुकी राहते. याउलट प्रयोगशाळेतल्या छोट्या उंदराचा टीएलआर-४ तोच रेणू बऱ्यापैकी ओळखतो आणि हा उंदीर लेप्टोने सहसा मरत नाही. योगायोग असेल, अशी शंका घ्यायला इथे जागा आहे. म्हणून बिघडलेल्या जनुकाच्या त्याच बहिऱ्या वाणाला लेप्टोची लागण करून पाहण्यात आली, तेव्हा त्याची कोवळी पिल्ले मरण पावली. एवढ्या एका ग्राहकाचा कान बंद झाला आणि सुरक्षित असलेला प्राणी धोक्यात आला. माणूस या बाबतीत जन्मतःच त्या पिल्लांसारखा आहे. काढा पिऊन किंवा व्यायाम करून हा कान उघडत नाही.

तिसरी युक्ती लपवण्याची. बहुतेक पोहणाऱ्या जिवाणूंच्या शेपट्या अंगाबाहेर असतात आणि त्यांच्या प्रथिनाला ओळखणारा टीएलआर-५ हा ग्राहक आपल्याकडे आहे. लेप्टोस्पायराच्या शेपट्या त्याच्या दोन आवरणांच्या मधल्या पोकळीत गुंडाळलेल्या असतात. त्या आतून फिरतात आणि सगळे शरीर स्क्रूसारखे पुढे जाते. त्यामुळे तो चिकट ऊतींतूनही सहज वाट काढतो, आणि शेपटी मात्र पहारेकऱ्याच्या नजरेला पडत नाही. पेशीच्या आत नॉड नावाचे आणखी पहारेकरी असतात, ते जिवाणूच्या भिंतीचे सुटलेले तुकडे हुंगतात. लेप्टोस्पायरात लिप-एल-२१ हे प्रथिन त्या भिंतीला इतके घट्ट धरून ठेवते की तुकडे सुटतच नाहीत; २०१७ मध्ये हे स्पष्ट झाले. राहिल्या भक्षक पेशी. गिळायचे तर आधी सावजावर खूण हवी, ती खूण लावायचे काम पूरक प्रथिने आणि प्रतिपिंडे करतात. पहिल्यांना पांघरुणाने चकवलेले, दुसरी अजून तयार व्हायची. त्यामुळे रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या भक्षक पेशी या जिवाणूच्या शेजारून जातात आणि त्याला नीट पकडू शकत नाहीत. या सगळ्याची बेरीज अशी की आठ-दहा दिवस हा पाहुणा रक्तातून यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस असा फिरत राहतो, वाढत राहतो, आणि यजमानाला पत्ता नसतो.

यावर एक रास्त आक्षेप येतो. जिवाणू इतका हुशार असेल तर पाण्यात उतरलेला प्रत्येक जण का आजारी पडत नाही, आणि लागण झालेल्यांपैकी साधारण दहातले नऊ जण किरकोळ तापावर का सुटतात? याचे उत्तर असे की चकवा म्हणजे अदृश्यता नव्हे, उशीर होय. किती जिवाणू आत गेले, कोणत्या प्रकारचे गेले, कातडी किती शाबूत होती, टीएलआर-२ ने दिलेल्या हाकेला किती जोर होता, यावर तो उशीर कमी-जास्त होतो. आठवड्याभराने कमावलेली यंत्रणा प्रतिपिंडे घेऊन उतरते, जिवाणूंवर खुणा लागतात आणि भक्षक पेशी त्यांना साफ करतात. बहुतेकांच्या बाबतीत ही कुमक वेळेवर पोचते. ज्यांच्या बाबतीत पोचत नाही, तिथे कारण दुबळेपणाच असेल असे नाही. ती तारखांची शर्यत असते. म्हणून बरा झालेल्याला बलवान आणि दगावलेल्याला कमजोर ठरवणे हा शास्त्राचाही अपमान आहे आणि त्या घराचाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. गंभीर लेप्टोत रुग्णाचे नुकसान बरेचसे त्याच्याच शरीराच्या दाहातून होते. सूज, गळक्या रक्तवाहिन्या, फुप्फुसांतला रक्तस्राव. मग इथे प्रतिकार कमी पडला म्हणायचे की जास्त झाला? दोन्ही, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या दिवशी शंभर चोर पकडायला जेवढी धावपळ लागते, तेवढ्यात दहाव्या दिवशी लाखांची फौज आवरत नाही. घंटा उशिरा वाजते तेव्हा ती एकदम सगळीकडे वाजते, कारण तोवर जिवाणू सगळीकडे पोचलेले असतात आणि मरताना आपल्या भिंतीचे, आवरणाचे तुकडे सोडत असतात. आधीची शांतता आणि नंतरचे वादळ ही एकाच चुकलेल्या ओळखीची दोन टोके आहेत. अशा रुग्णाची ‘शक्ती वाढवणे’ म्हणजे वादळात वारा घालणे.

ओळखीचा हा मुद्दा एकट्या लेप्टोपुरता आहे का, हे तपासायला मुंबईच्याच इतिहासात मागे जाता येते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाल्डेमर हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्या वेळी हा जिवाणू शरीराला कसा चकवतो ते कुणालाच माहीत नव्हते. आज माहीत आहे. प्लेगचा जिवाणू पिसवेच्या पोटात, थंड तापमानात असतो तेव्हा त्याच्या आवरणातील स्निग्ध भागाला सहा शेपूट-साखळ्या असतात आणि तो टीएलआर-४ ला सहज ओळखू येतो. माणसाच्या ३७ अंश तापमानात शिरताच तो चारच साखळ्यांचा रेणू बनवू लागतो आणि घंटा मुकी होते. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यात एक जनुक घालून त्याला ३७ अंशांवरही सहा साखळ्या बाळगायला भाग पाडले. बाकीची सगळी विषारी हत्यारे जिथल्या तिथे होती. तरीही हा जिवाणू उंदरांना मारू शकला नाही. ज्या रोगाने मुंबई ओस पाडली, त्याचा कणा केवळ ओळख पटल्याने मोडला. माझ्या म्हणण्याला याहून बळकट आधार मला माहीत नाही.

क्षयाचा जिवाणू मात्र वेगळा धडा देतो आणि तोही सांगायला हवा. त्याला भक्षक पेशी ओळखतात, गिळतातही. पण गिळल्यावर पेशीतली पाचक पिशवी त्याच्या कप्प्याला येऊन मिळू नये अशी तजवीज तो करतो, हे १९७१ पासून ठाऊक आहे. तो पहारेकऱ्याच्याच पोटात वर्षानुवर्षे राहतो. अशा लांबच्या वेढ्यात यजमानाच्या ताकदीला मोल येते. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना नियमित पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यातले नवे क्षयरोगी सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले. तेव्हा आहार, झोप, सुदृढता यांना किंमत नाही असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की महिन्या-वर्षांच्या लढाईचे औषध दहा दिवसांच्या लढाईला लागू पडत नाही, आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ या एका घोषणेखाली दोन्ही झाकले जातात.

हे मान्य केले तर काय करावे याची उत्तरे बदलतात. पहिले उत्तर तपासणीचे. लेप्टोची सर्रास होणारी रक्तचाचणी जिवाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडे शोधते. म्हणजे ज्या दिवसांत शरीराने ओळखलेले नाही, त्या दिवसांत ही चाचणीही ओळखणार नाही. तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अहवाल निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त होणारा रुग्ण जिवाणूच्या चकव्यात दुसऱ्यांदा सापडतो. पहिल्या आठवड्यात थेट जिवाणूचे जनुकीय द्रव्य शोधणारी पीसीआर चाचणी उपयोगी पडते, पण ती प्रत्येक गल्लीतल्या लॅबमध्ये नसते. म्हणून संशय बळकट असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करतात आणि ते बरोबर आहे. दुसरे उत्तर गोळीचे. पाण्यातून चालून आलेल्यांनी २४ ते ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, असे पालिकेचा आरोग्य विभाग पावसाळ्यात सांगतो; प्रौढांना साधारणपणे डॉक्सीसायक्लीन, लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना दुसरे औषध. या सल्ल्यामागे आधार आहे. पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या अमेरिकी सैनिकांवरील चाचणीत, १९८४ च्या अहवालानुसार, आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लीन घेणाऱ्या ४७१ जणांत एकच रुग्ण निघाला, औषध न घेतलेल्या ४६९ जणांत २०. अंदमानातल्या चाचणीचा निष्कर्ष अधिक बारकाईचा होता: गोळीने लागण थांबली नाही, आजार मात्र कमी झाला. माझ्या मते यात विसंगती नाही. गोळी दार बंद करत नाही. शरीराला उशीर होणार असलेल्या दिवसांत ती जिवाणूची वाढ रोखून धरते. ओळखीची चूक ती वेळेने भरून काढते.

इथे विचारी माणूस म्हणेल की लाखो लोक दर पावसाळ्यात प्रतिजैविक घेऊ लागले तर इतर जिवाणू औषधाला दाद देईनासे होतील. ही भीती खरी आहे, म्हणूनच ही गोळी सरसकट वाटण्याची नाही, तपासून देण्याची आहे. जखमेसह तासभर कंबरभर पाण्यात उभा राहिलेला सफाई कामगार आणि रस्ता ओलांडताना एकदा पाऊल भिजलेला माणूस यांचा धोका सारखा नाही. धोका तोलून दिलेली एक-दोन मात्रांची गोळी आणि प्रत्येक सर्दीला घेतला जाणारा पाच दिवसांचा कोर्स यांत प्रतिरोधाला खतपाणी कोण जास्त घालते, हेही प्रामाणिकपणे मोजावे. लसीचा पर्याय सुचवला जातो, पण लेप्टोस्पायराचे अडीचशेहून अधिक उपप्रकार आहेत आणि एकावरची लस दुसऱ्यावर चालेल याची खात्री नसते. कुत्र्यांना लस देता येते, दिलीही पाहिजे, माणसांसाठी आपल्याकडे तो मार्ग अजून खुला नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप असा की हा सगळा प्रश्न रेणूंचा नाही, गटारांचा आहे. नाले साफ करा, कचरा उचला, उंदीर आटोक्यात आणा, मग टीएलआर-४ ची चर्चा करायची गरज उरणार नाही. मला हा आक्षेप खोडायचा नाही, उलट रेणूंची सगळी हकिकत त्याच्याच बाजूने साक्ष देते असे वाटते. ज्या शत्रूला शरीर दारात ओळखत नाही, त्याला दारापर्यंत येऊ न देणे हाच खरा बचाव ठरतो. पालिकेत रात्रपाळीने काठी आणि विजेरी घेऊन उंदीर मारणारे कर्मचारी असतात. बाजारातल्या, नाल्याकाठच्या अंधारात त्यांचे काम चालते. त्यांच्या कामाकडे आपण किळसवाणे म्हणून पाहतो. वास्तविक ते या शहराच्या जन्मजात यंत्रणेचे काम करत असतात. पण उंदीर मारून उंदीर संपत नाहीत. अन्न आणि आडोसा मिळतो तोवर उरलेले भराभर वाढतात. रोज उचललेला कचरा, झाकलेली गटारे, तबेल्यांच्या सांडपाण्याची व्यवस्था, नदीला वाहायला मोकळी जागा, नाल्यात उतरणाऱ्याच्या पायात गमबूट आणि हातात मोजे, या गोष्टी कोणत्याही काढ्याहून अधिक प्रतिकार करतात. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ ही घोषणा घातक आहे ती नेमकी इथे. ती दोष माणसाच्या शरीरावर टाकते आणि ज्याच्या घरात पाणी शिरले त्यालाच कमजोर ठरवते. पाण्यात कोण उतरतो हे शरीरे ठरवत नाहीत; ते घर कुठे मिळाले आणि त्या दिवशीचा रोज बुडवणे परवडते का, यावर ठरते.

तोपर्यंत, म्हणजे गटारे सुधारेपर्यंतच्या अनेक पावसाळ्यांत, हाताशी असलेले एक साधन फुकट आहे आणि ते आपण पुरेसे वापरत नाही. लेप्टोस्पायरा पूरक प्रथिनांना फसवतो, ग्राहकांना फसवतो, लवकर केलेल्या चाचणीलाही फसवतो. पाण्यातून चाललेल्या माणसाच्या आठवणीला मात्र तो काही करू शकत नाही. राजावाडी रुग्णालयाच्या ओपीडीत असो, कूपर रुग्णालयात असो की नाक्यावरच्या दवाखान्यात, पावसाळ्यात ताप घेऊन आलेल्या प्रत्येकाला विचारला गेलेला ‘गेल्या महिन्यात तुंबलेल्या पाण्यातून चालला होतात का, आणि केव्हा?’ हा प्रश्न म्हणजे शरीराकडे नसलेला पहारेकरी आहे. डॉक्टर घाईत असतील तर रुग्णाने न विचारता सांगावे. घरच्यांनी ती तारीख कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवावी. केसपेपरच्या कोपऱ्यात लिहिलेली ती एक तारीख डेंग्यू आणि लेप्टो यांच्यामधला संशय सोडवते, उपचार चार दिवस आधी सुरू करते, आणि ते चार दिवस नेमके तेच असतात जे जिवाणूने चोरलेले होते.